गोंडाळाची वेचणी

तिकडे अमेरिकेत गोऱ्यागोऱ्यांची लढाई जुंपली आणि इकडे आमच्या सेठला तळं हवंसं झालं. मधला दुवा कापूस. तिकडचा यायचा थांबला आणि इकडच्याचा भाव असा चढला की अमरावतीत माणसं चालायची सोडून तरंगू लागली. सेठला मात्र खरोखरच तरंगायचं होतं, तेही नावेत, इंग्रज साहेबाच्या शेजारी बसून.

वलगावच्या वाटेवर एक जुनं तळं होतं. एक म्हातारा भोई त्यात मासे धरी, शिंगाडे लावी. त्याचा बाप, आजाही तेच करीत आलेले. सेठने भोवतालची जमीन घेतली, काठाला दगडी पायऱ्या बांधल्या, रंगीत नाव आणवली. मग कुठल्याशा बंगल्यातल्या हौदात त्याने गोंडाळ पाहिलं: पाण्यावर तरंगणारी, हिरव्या गुलाबासारखी वनस्पती. शोभेसाठी एक घमेलंभर आणून त्याने तळ्यात सोडली. भोई नको नको म्हणत होता. एका पावसाळ्यात तळं इतकं हिरवंगार झालं की एक बकरी चारा समजून चालत गेली आणि बुडता बुडता वाचली.

कार्तिकात साहेबाने कळवलं की आठ दिवसांनी, रविवारी, मडमेसह नौकाविहाराला येतो. सेठने भोयाला बोलावून बजावलं की तळं साफ कर. रविवारी नाव अडकली तर तुझा इथला हक्क संपला. मी तेव्हा सेठचा कारकून. भोयाचा चेहरा पाहून मी मान खाली घातली आणि कलम उगाच पुसत बसलो.

मजूर मिळेना. सगळं वऱ्हाड कापसात गुंतलेलं. शेवटी सेठने शेतातल्या वेचणाऱ्या बायाच तळ्यात उतरवल्या. त्यांनी कमरेला ओट्या बांधल्या, ओळ धरली आणि दोन दिवसांत असं काही वेचलं की पाणी चकाकू लागलं. सेठने काठावर उभं राहून स्वतःचीच पाठ थोपटायची तेवढी बाकी ठेवली.

भोयाने वाकून पाहिलं. मोठी गोंडाळं गेली होती. नखाएवढी पिल्लं जिथल्या तिथे, शाबूत. त्याने बायांच्या मुकादमणीला विचारलं, ही कशी राहिली?

"कवळं काऊन तोडाचं, बापा?" ती म्हणाली. "दुसऱ्या वेचनीले काय उरन मंग?"

चूक तिची म्हणावी कशी? कच्च्या बोंडाला हात लावाल तर खबरदार, हे सेठ त्यांना वर्षानुवर्षं ओरडून सांगत आला होता. आज्ञा तंतोतंत पाळली गेली. शुक्रवारपर्यंत पिल्लं तळहाताएवढी झाली.

भोई, त्याची बायको आणि दोन सुना पाण्यात उतरल्या. लांब दोराला वाळके भोपळे बांधून त्यांनी सगळं गोंडाळ ओढत एका कोपऱ्यात कोंडलं. रविवारी तळं आरशासारखं होतं. साहेब, मडम, सेठ नावेत बसले. वल्ही माझ्या हाती, कारण सेठच्या मते लिहिणाऱ्याचे हात रिकामेच असतात. शिवाय साहेबासाठीचं मानपत्र माझ्याच बंडीच्या खिशात होतं.

मडमेला तळं बरं वाटलं. पण तो हिरवा कोपरा फारच आवडला. तिकडे चला, म्हणाली. काठावरून भोई दोन्ही हात हलवून नको म्हणत होता. सेठला वाटलं, सलाम करतोय. दोर उचलून नाव आत घालायचा हुकूम त्याने मला दिला. मी हुकमाचा ताबेदार.

दहा हातांवर नाव रुतली. पुढे जाईना, मागे येईना. साहेब लाल झाला.

"ये तालाब किसका है?"

सेठने क्षणभरही विचार केला नाही. भोयाकडे बोट करून म्हणाला, "इस भोई का, हुजूर. बाप-दादा से इसीका."

इतकं खरं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

भोई आपला डोंगा घेऊन आला. त्यात त्याच्याखेरीज दोनच माणसं मावत. साहेब-मडमेला त्याने काठावर पोचवलं. त्यांची बग्घी निघून गेली. मग तो डोंगा काठालाच ठेवून छातीभर पाण्यातून आमच्याकडे आला, नावेचा दोर हातात घेतला आणि उभा राहिला. ओढेना.

"सेठजी, तलाव माहा म्हनलं ना तुमी?"

सेठ म्हणाला, आधी ओढ, मग बोलू.

"लिहून द्या. मंग ओढतो."

सेठने पाण्याकडे पाहिलं. भोयाच्या दंडाला दोन जळवा लोंबत होत्या. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. कलमदान माझ्या कमरेला होतंच; मानपत्राची मागची बाजू कोरी होती. जन्मात इतकं सुवाच्य अक्षर मी कधी काढलं नाही. मासे, शिंगाडे, पाणी, काठ, सगळं वंशपरंपरा त्याचं, असं लिहिलं आणि सेठपुढे धरलं. त्याने सही केली.

भोयाला वाचता येत नव्हतं. त्याने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने, काठावर उभ्या असलेल्या सुनांना ऐकू जाईल असं. कागद मुंडाशात खोचला आणि मगच नाव ओढली.