वहिनीच्या नावाची चिठ्ठी

लॉन्ड्रीत तिला सगळे आत्या म्हणत. वय अडतीस, डोक्यात एक पांढरा केस नाही, तरी आत्या. भावजय तिथेच कामाला आणि भावजयीच्या मुलीची ती आत्या, एवढं पुरलं. पन्नाशी उलटलेला इस्त्रीवालासुद्धा "आत्या, जरा सरका" म्हणायला लागला, तेव्हा तिने एकदा डोळे वटारून पाहिलं आणि नाद सोडून दिला. भावजय मात्र तिला चिडवायला मुद्दाम जुन्या वळणाचं "वन्सं" म्हणायची.

लग्न मोडून ती भावाकडे परत आली, त्याला बारा वर्षं झाली होती. तेवढीच वर्षं दोघी चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रोलरवर समोरासमोर होत्या. ओली चादर आली की दोन टोकं हिने धरायची, दोन तिने, आणि एकाच वेळी रोलरमध्ये सोडायची. एकीचा हात पुढे गेला की चादर वाकडी. एक पाणी प्यायला गेली की दुसरी खोळंबली, आणि सुपरवायझरच्या अंगाचा तिळपापड. म्हणून तिथे एक रीतच पडली होती: ज्याचा हात मोकळा त्याने दुसऱ्याचं काम उरकायचं. एकमेकींची हजेरी लावायची, आग विझवायच्या प्रशिक्षणात एकीने चौघींच्या सह्या ठोकायच्या. डोळे तपासणारे आले तेव्हा एका धुलाईवाल्याने तिघांच्या वतीने अक्षरं वाचली. तिघांना एकाच नंबरचे चष्मे लागले आणि सगळी लॉन्ड्री आठवडाभर हसत होती.

मग एक दिवस मागच्या आवारात तपासणीची गाडी येऊन उभी राहिली. चाळिशीच्या पुढच्या बायकांच्या छातीचा फोटो काढणार, मॅमोग्राफी की काय ते. नावानिशी चिठ्ठ्या वाटल्या. वहिनी सत्तेचाळीसची, तिला मिळाली. आत्याचा प्रश्नच नव्हता.

वहिनी चिठ्ठीची घडी घालत म्हणाली, "मला नाही बाई कुणापुढे उघडं व्हायचं."

"बाईच आहे ना आत."

"असू दे." मग हळूच म्हणाली, "आणि काही निघालं तर?"

खरी भीती ही होती. आत्याला तिची कीव आली, आणि ढीगभर चादरी पडल्या होत्या. ती म्हणाली, "आण ती चिठ्ठी. मी जाऊन येते तुझ्या नावाने."

"आज चहा माझ्याकडून, वन्सं!" वहिनी खळखळून हसली.

दहा मिनिटांचं काम. क्षणभर दुखलं, संपलं. आतल्या बाईने वय विचारलं तेव्हा आत्याने सत्तेचाळीस सांगितलं, आणि त्या बाईने खुशाल लिहून घेतलं याचाच तिला जास्त राग आला. पंधरा दिवसांनी वहिनीच्या नावाचा रिपोर्ट आला, काही दोष नाही. वहिनीचा जीव भांड्यात पडला. नणंदेच्या छातीचा फोटो आणि हिचा जीव भांड्यात! पण छापील कागदावर आपलं नाव दिसलं की माणूस भुलतं. रिपोर्ट कपाटात साड्यांखाली गेला.

वर्षभराने रोलरवर हात उंचावताना वहिनीचा चेहरा वेडावाकडा झाला. आत्याने खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, डाव्या बाजूला गाठ आहे. कधीपासून? असेल दोन-तीन महिने.

"रिपोर्ट चांगला आला होता ना पण," वहिनी म्हणाली.

"वहिनी, तो रिपोर्ट माझा आहे."

"हो गं," ती म्हणाली, जणू ही गोष्ट तिच्या खरंच लक्षातून गेली होती.

आत्याने त्याच संध्याकाळी गाठीचं दादाच्या कानावर घातलं. फक्त गाठीचं. दादा बायकोला घेऊन जवळच्या डॉक्टरांकडे गेला, बरोबर तो रिपोर्टही नेला. डॉक्टरांनी तपासलं, कागद वाचला. "वर्षापूर्वी तर सगळं ठीक होतं. साधी गाठ दिसते. तीन महिने बघू या," ते म्हणाले. आत्या दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. वहिनीने तिच्याकडे पाहून नको म्हणून मान किंचित हलवली. बोललं तर दादा घर डोक्यावर घेणार, दोघींची नोकरी जाणार, आणि गाठ साधीच असली तर उगाच शोभा. असे सगळे हिशेब तिने त्या स्टुलावर केले आणि मूग गिळून बसली. गाडीतल्या खोटेपणाचं तिला पुढे तेवढं वाईट वाटलं नाही, जेवढं त्या स्टुलाचं वाटलं. चिठ्ठी घेतली तेव्हा तिला कळत नव्हतं. स्टुलावर कळत होतं.

तीन महिन्यांनी मोठ्या हॉस्पिटलात गेले तेव्हा कळलं, गाठ कॅन्सरची होती आणि आजार हाडांत पोचला होता. पुढे अकरा महिने. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर मदत कक्ष होता. तिथल्या समाजसेविकेने पुष्कळ केलं. औषधांचे अर्ज भरून दिले, केस गेले तेव्हा टोप मिळवून दिला, दुखणं कमी करणाऱ्या डॉक्टरांची गाठ घालून दिली. शेवटी शेवटी वहिनी एकदा आत्याचा हात धरून म्हणाली, "पोरीला सांगू नकोस हं. आई भित्री होती असं वाटेल तिला."

आत्याने शब्द दिला. चार दिवसांनी वहिनी गेली. रोलरवर आत्याच्या समोर नवी बाई आली. तिचा हात नेहमी आधी सुटायचा, आणि प्रत्येक वाकड्या चादरीला आत्याला रडू फुटायचं.

वहिनीची मुलगी एकोणतीस वर्षांची. हॉस्पिटलातून तिला बजावून सांगितलं होतं, आईला हा आजार झालाय, तू वेळेवर येऊन भेट. कधीपासून कोणती तपासणी करायची ते ठरवू. ती गेली नाही. आत्याने आठवण करून दिली तर ती उसळली. "कशाला जाऊ? आईने केली होती ना तपासणी? रिपोर्ट स्वच्छ होता ना? सगळं थोतांड आहे, आत्या. मला पुन्हा सांगू नकोस."

मेलेलीला दिलेला शब्द पाळावा, तर ही पोर हट्टाला पेटून तपासणीच करणार नाही. मोडावा, तर पोरही दुरावेल आणि डोक्यावरचं छप्परही जाईल.

मदत कक्षात दर मंगळवारी नातेवाइकांची बैठक भरायची. आत्या मागे कोपऱ्यात जाऊन बसली. तिसऱ्या मंगळवारी तिने तोंड उघडलं आणि सगळं सांगून टाकलं. कुणी तिला नावं ठेवली नाहीत. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने समाजसेविकेला विचारलं, "तेव्हा वहिनी स्वतः गेली असती तर वाचली असती?"

"सांगता येत नाही," समाजसेविका म्हणाली. "तेव्हा दिसलं असतंच असं नाही. पण दिसलं नसतं असंही कुणी म्हणू शकणार नाही. इथे बोललात, बरं झालं. मात्र ज्यांनी ऐकायला हवं, ते इथे नाहीत."

रविवारी दुपारी दादा आणि भाची समोर असताना आत्याने सांगितलं. चिठ्ठी, गाडी, स्टूल, सगळं. आई भित्री होती हे तिने सांगितलं नाही. "मीच म्हटलं, मी जाते," एवढंच म्हणाली, आणि ते खरंही होतं. दादा उठून बाहेर निघून गेला. भाचीने विचारलं, "डॉक्टरांपुढे तू बसली होतीस?"

"होते."

"आणि बोलली नाहीस."

त्या घरात आत्याशी बोलणं तेव्हापासून बंद झालं. जा असं कुणी म्हटलं नाही, ये असंही नाही. दोन आठवड्यांनी समाजसेविकेने निरोप दिला, तुमच्या भाचीने वेळ घेतली आहे. ठरल्या दिवशी सकाळी आत्या लॉन्ड्रीतून रजा घेऊन हॉस्पिटलात गेली. भाची आधीच येऊन बसली होती. आत्या दोन खुर्च्या सोडून बसली. भाचीने पाहिलं, आणि नजर वळवली.

काउंटरवरच्या बाईने अर्ज भरता भरता विचारलं, "आईला आजार होता?"

"हो."

"आई आहेत?"

"नाहीत."

"बरोबर कोण आलंय?"

भाचीने मागे वळूनही पाहिलं नाही. "कुणी नाही," ती म्हणाली.

बाईने तसंच लिहून घेतलं. दार उघडलं आणि भाची आत गेली. आत्या पदराने तोंड दाबून, ती बाहेर येईपर्यंत तिथेच बसून राहिली.