विहीर सामाईक ठेवली का?

माझ्या नोकरीच्या शेवटच्या हंगामात एका सकाळी साडेनऊला मेल उघडला. इंग्लंडच्या बंदरावरच्या आमच्या एजंटचा होता. एकच ओळ: लोड होल्डवर आहे, फायटो चुकीच्या देशाच्या नावाने आहे.

मी फाइल काढली. फायटोवर देश होता नेदरलँड्स. अर्जावर सही माझी.

ईरा, निहार, पोरांनो, फायटो म्हणजे आपल्या सरकारने दुसऱ्या देशाच्या सरकारला दिलेलं पत्र. या फळावर कीड नाही, रोग नाही, आम्ही तपासलं आहे, एवढंच त्यात असतं. पण पत्र म्हटलं की पत्ता आला. द्राक्षाच्या कंटेनरबरोबर असा कागद जातो. गंगापूर रोडवरच्या द्राक्ष एक्स्पोर्टच्या ऑफिसात सव्वीस वर्षं मी हेच केलं.

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं ब्रेक्झिटवरून भांडलात. ईरा इंग्लंडमधल्या लीड्सहून म्हणाली, आपले नियम ठरवण्याचा प्रत्येक देशाला हक्क आहे. निहार नेदरलँड्समधल्या डेल्फ्टहून म्हणाला, शेजाऱ्यांनी एकत्र राहण्यातच शहाणपण आहे. मग बरोबर कोण ते मला विचारलंत, तेव्हा मी कुकरचं निमित्त करून उठले. म्हणून आता लिहिते आहे.

पूर्वी आमचा माल रॉटरडॅमला उतरायचा. तिथून ट्रक बोटीत चढून इंग्लंडला जायचा. सगळे एकाच युरोपियन युनियनमध्ये, त्यामुळे नेदरलँड्सच्या नावाचा कागद सगळीकडे चालायचा. माल पेट्यांत भरतात त्या पॅकहाउसच्या बोर्डावर ‘युरोप’ आणि ‘दुबई’ असे दोनच रकाने होते. ब्रिटन बाहेर पडल्यावरही पहिले काही हंगाम तपासणी ढिली होती. जुना कागद खपून गेला. बोर्ड तोच राहिला, मीही तीच राहिले. तपासणी कडक होणार असल्याचं सर्क्युलर आलं होतं. ते मी वाचलं, पंच केलं आणि फाइलला लावलं.

इंग्लंडला चाललेला तो कंटेनर अख्खा दत्तूभाऊंचा होता. दिंडोरीकडचे बागायतदार. धाकट्या भावाला माल जागेवरच व्यापाऱ्याला द्यायचा होता, यांना एक्स्पोर्टच करायचं होतं. त्यावरून दोघांनी वाटणी करून घेतली. वाट्याला आलेल्या बागेतला हा त्यांचा पहिला कंटेनर.

लोडिंगच्या दिवशी चहा घेताना मी त्यांना मोबाइलवर नकाशा दाखवत होते. ब्रिटन आता वेगळं झालं, म्हणून सांगत होते.

“म्हंजे आमच्यावानीच. चूल निराळी.”

“तसंच.”

“मग विहीर सामाईक ठेवली का?”

मी हसले. “देशांना कसली विहीर, दत्तूभाऊ?”

“हसू नका, मॅडम. आमची बांधापेक्षा विहिरीवरच लय बोलणी झाली. तीन दिवस माझी पाळी, तीन दिवस त्याची. सातबाऱ्यावर चढवून घेतलंय. नायतर बाग उन्हाळ्यातच गेली असती.”

आमची सुपरवायझर सुनंदा पेट्या मोजत होती. ती म्हणाली, “भाऊ, मॅडम इंग्रजीत शिकल्यात. त्यांना काय विहिरीचं विचारता?”

सगळे हसले. मी आत जाऊन अर्ज भरला. देशाच्या रकान्यात सवयीने नेदरलँड्स लिहिलं.

मेल घेऊन मी मालकांच्या केबिनमध्ये गेले.

“नवा कागद काढा,” साहेब म्हणाले.

“माल इथून निघून गेलाय, साहेब. आता नाव बदलायचं तर परवानगी वरून येणार. आठ-दहा दिवस.”

“मग ट्रक रॉटरडॅमला परत न्या. तिथे विका.”

“तो युनियनच्या बाहेर गेला. पुन्हा आत घ्यायचा तर त्यांनाही नवा कागद हवा.”

साहेबांनी चष्मा काढला. “म्हणजे गिऱ्हाईक दोन्हीकडे आहे आणि माल मधेच उभा?”

“हो.”

“चूक कोणाची?”

“माझी.”

आम्ही रोज फोन केले. चौथ्या दिवशी एजंटने फोटो पाठवले. देठ तपकिरी पडायला लागले होते. देठ गेला की माल गेला. नवव्या दिवशी, परवानगी यायच्या आतच, बंदराचा निकाल आला: डिस्ट्रॉय. माल नष्ट केल्याचंही एक सर्टिफिकेट मिळतं. त्यावर देशाचं नाव बरोबर होतं.

दत्तूभाऊंना साहेब फोन करणार होते. मी म्हटलं, मी जाते. बागेत एप्रिल छाटणी चालू होती. त्यांनी कात्री हातात ठेवूनच सगळं ऐकून घेतलं.

“माल खराब निघाला का?”

“नाही. माल उत्तम होता. कागद खराब होता.”

“कागद कोणी केला?”

“मी.”

त्यांनी कात्रीला चिकटलेली साल नखाने काढली. मग म्हणाले, “मी इचारलं तव्हा हसलात कशाला?”



कंटेनरचे पैसे बुडाले, ती छाटणी त्यांनी अर्धीच सोडली. पावसाळ्याआधी बाग मुळासकट उपटली. आता जमीन धाकटा भाऊ कसतो. विहिरीच्या सगळ्या पाळ्या त्याच्याच. दत्तूभाऊ इंदिरानगरला मुलीकडे असतात. मी एकदा जाऊन आले. त्यांनी चहा दिला, द्राक्षाचा विषय काढला नाही.

त्या हंगामाअखेर मी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी पट्टी घेऊन बोर्डावर तिसरा रकाना आखला आणि वर ‘इंग्लंड’ लिहिलं.

तुमच्या दोघांत बरोबर कोण, ते मला ठरवता येत नाही. देशांनी एकत्र राहावं किंवा वेगळं व्हावं. वेगळं काय झालं ते सगळेच मोठ्याने सांगतात. सामाईक काय राहिलं, विहीर असो की कागद, ते कुठे लिहून ठेवलंय का, तेवढं मात्र विचारा. आणि दुसऱ्या कोणी विचारलं तर हसू नका.