तीन अक्षरांची सांगली

कुणी नवा कोड दाखवायला गेलं, की बाई आधी पडद्यावर तळहात आडवा धरायच्या आणि विचारायच्या, "जुन्यावर चालतंय का?" पडद्यावर काय लिहिलंय ते नंतर. सांगलीच्या आमच्या ऑफिसात सगळे त्यांना मागून 'जुन्या मॅडम' म्हणत. हे नाव मीच पाडलं होतं.

बाई माण तालुक्यातल्या, दहिवडीकडच्या. नोकरी सांभाळून त्यांनी एक प्लगिन लिहिलं होतं. प्लगिन म्हणजे आपण संगणकावर ज्यात लिहितो त्या एडिटरला जोडायचं छोटं अवजार. मराठी टाइप करत गेलं, की बाईंचं प्लगिन एकेक अक्षर मोठ्यानं बोलून दाखवी. आटपाडीचे एक शिक्षक, दृष्टी पूर्ण गेलेले, त्याच्याच जोरावर शाळेच्या प्रश्नपत्रिका स्वतः लिहीत.

आता गंमत बघा. प्लगिन ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलं होतं, तिची नवी आवृत्ती आली. 'सांगली' या शब्दात जुनी आवृत्ती साठवणीचे सुटे तुकडे धरून अठरा अक्षरं मोजे, नवी काना-वेलांटी-अनुस्वार वेगळे धरून सहा. साताऱ्याचंही तेच. तुम्ही-आम्ही तीन मोजतो. बाईंनी दोघींनाही तीन मोजायला लावलं. "सांगली कवाबी तीनच अक्षरांची," असं त्या एखाद्या पोराला दटावावं तसं संगणकाला म्हणायच्या.

प्लगिनच्या कामात मीही बाईंना मदत करायचो. प्रत्येक ओळ दोन्ही आवृत्त्यांवर चालेल अशी लिहायची, याचा मला भारी कंटाळा. पण आटपाडीच्या त्या सरांच्या संगणकातला बोलणारा आवाज फक्त जुन्यावरच चालायचा.

"मॅडम, सगळ्या जगात जुनं वापरणारा एकच माणूस उरलाय," मी एकदा चिडून म्हणालो.

"मग उरलाय न्हवं?"

पुढे बाई रजेवर असताना मी शहाणपणा केला. जुन्यासाठीच्या ओळी काढून टाकल्या. नव्यावर झकास चाललं, तेच सगळीकडे पाठवून दिलं. बाई रुजू झाल्या त्याच दिवशी सरांचा फोन आला. "मॅडम, मशीन मुकं झालंय. परवा परीक्षा हाय. हेडसर म्हणत्यात, पेपर आता दुसऱ्याकडं देऊ. कायमचाच."

मला सोबत घेऊन बाईंनी आटपाडीची एसटी पकडली. सरांच्या खोलीत बसून ओळी परत घातल्या, आणि मग डोळे मिटून त्या अख्खी प्रश्नपत्रिका टाइप करू लागल्या. 'ज्ञ'पाशी मशीन नुसतं 'ज' म्हणून थांबलं. पुन्हा कोड उघडला, दुरुस्त केला, पुन्हा डोळे मिटून पहिल्या प्रश्नापासून सुरुवात.

मला राहवेना. "मॅडम, डोळं उघडून तपासा की!"

"सरांनी कसं तपासायचं रं?"

माझी मान खाली गेली. एवढं मोठं माणूस रोज माझ्या शेजारच्या टेबलाशी बसत होतं आणि मी त्याला नावं ठेवत होतो. त्या वर्षीचा पेपर सरांनीच काढला, नंतरचेही.

गेल्या वर्षी बाई आजारानं गेल्या. त्यांचा कोड आता मी सांभाळतो, दोन्ही आवृत्त्यांसकट. सरांना कळवायला मीच फोन केला. ते म्हणाले, "मॅडमच्या घरच्यांना पत्र लिवतो. तुमी फोन ठेवू नगा. नावात चूक व्हायला नगं."

बटणांचा आवाज आला, आणि त्या जुन्या मशीननं बाईंचं नाव एकेक अक्षर करून उच्चारलं.

"बराबर हाय का?" सरांनी विचारलं.

"व्हय, सर," म्हणालो.