नोरीनसाठी केलेली चित्रं

सिग्नेट गावातला लिंडसे डायरीन मुळात सफरचंदांच्या शेडमधली यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. पुढे होबार्टच्या एका तंत्रशाळेत शिकवायला लागला. छप्पन्नाव्या वर्षी तिथल्या साहेबांनी त्याच्यासमोर कॉम्प्युटर ठेवला आणि सांगितलं, यापुढे झाडांच्या छाटणीचे धडे यावर करायचे. बरोबरीच्या दोघांनी सरळ नोकरी सोडली. लिंडसे चिकटून बसला. पडद्यावर कात्री आणायची, ती कुठून कुठे जाणार ते ठिपक्याठिपक्यांनी आखायचं, किती सेकंदांत ते ठरवायचं. वर्षभरात त्याला एक गोष्ट उमगली: एकाच वेगाने सरकणारी वस्तू मेलेली दिसते. निघताना ती जरा रेंगाळली पाहिजे, थांबताना जरा कचरली पाहिजे. त्याची फांदी तुटून पडायची तेव्हा वर्गातली पोरं आपोआप पाय मागे घ्यायची.

घरी तो फारसा बोलत नसे, कारण त्याची बायको नोरीन दोघांच्या वाटचं बोलायची. पस्तीस हंगाम शेडमध्ये सफरचंदं कागदात गुंडाळताना तिने तोंडाला विसावा दिला नव्हता. गावच्या हॉलमध्ये सोडतीचे आकडे तीच पुकारायची, आणि तिला माईक लागत नसे.

सत्त्याण्णव सालच्या मार्चमध्ये, तोडणी ऐन भरात असताना, तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, पाय अर्धा गेला, आणि बोलणं तर पारच गेलं. उरला एकच शब्द, "उद्या". चहा हवा असला तरी "उद्या", पाय दुखला तरी "उद्या". कधी रागाने मूठ आपटून, कधी डोळ्यांत पाणी आणून, "उद्या, उद्या, उद्या!"

लिंडसेने नोकरी सोडली. शाळेने जुना कॉम्प्युटर सॉफ्टवेअरसकट त्याला देऊन टाकला.

बोलायला पुन्हा शिकवणारी प्रू नावाची तरुण बाई होबार्टहून पंधरा दिवसांनी यायची. ती चित्रांची कार्डं दाखवायची. किटली, कप, कुत्रा. तिसऱ्या खेपेला नोरीनने कुत्रा खिडकीबाहेर भिरकावला.

"कंटाळली ती," लिंडसे म्हणाला. "ही चित्रं हलतच नाहीत. मी हलती करून देऊ?"

"करा की," प्रू म्हणाली. "आणि ती काय म्हणते ते वहीत लिहून ठेवा."

आवाजासाठी त्याने नोरीनची धाकटी बहीण आयल्सा हिला धरलं. बाहेरचे आवाज येऊ नयेत म्हणून तिला कपाटात, कोटांच्या गर्दीत उभं केलं.

"चौसष्टाव्या वर्षी मला कपाटात कोंडतोस होय रे?" आतून आयल्सा ओरडली. "अख्ख्या ह्युऑन खोऱ्यात सांगेन मी!"

"सांग. आधी 'किटली' म्हण."

पहिली किटलीच झाली. वाफ वळत वळत वर चढायची, झाकण थडथडायचं. नोरीन बघत राहिली. ओठ हलले, आणि ती म्हणाली, "उकळ... उकळतंय."

लिंडसे तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. तिने डाव्या हाताने त्याच्या डोक्यावर टपली मारली.

मग तो थांबेचना. चाळीस चित्रं करायची असं त्याने ठरवलं. बादलीत पाणी पडतंय, दार वाऱ्याने लोटलं जातंय, सफरचंद फळीवरून घरंगळतंय. सकाळी नोरीनला न्याहारी भरवायची, चुलीपाशी बसवायचं, आणि आपण मागच्या खोलीत. नवं चित्र झालं की तिला बोलवायचं. अर्धा तास ती बघायची, एखादा शब्द यायचा, तो वहीत लिहायचा, आणि पुन्हा खोलीत. सगळा हिवाळा असाच गेला.

"ती दिवसभर त्या दाराकडे बघत बसते," आयल्सा एकदा म्हणाली. "तू तिच्याजवळ बस ना जरा."

"तिच्यासाठीच चाललंय सगळं."

"ते माहितेय रे मला. पण तिला माहितेय का?"

"थोडंच उरलंय आता," तो म्हणाला.

शेवटची होती होडी. लग्नाआधी तो नोरीनला नदीवर वल्हवत न्यायचा, तशीच वल्ह्यांची. पण ती काही केल्या जमेना. पाण्यावर डुलायची ती उड्या मारल्यासारखी दिसायची. ठिपके वाढवावेत तर रखडायची. तीन आठवडे त्याने त्यात घातले.

सप्टेंबरातल्या एका सकाळी, तिकडचा हिवाळा सरून बागा फुलायला लागल्या होत्या तेव्हा, नोरीन काठी टेकत खोलीत आली. अंगात कोट, बटणं खालीवर लागलेली, डोक्यावर टोपी. तिने पडद्यावरच्या होडीवर तळवा ठेवला आणि म्हणाली, "चल."

"शाब्बास!" लिंडसे उडालाच. "होडी चालते! बरोबर, नोरीन!" त्याने वही ओढून लिहिलं.

"चल," ती पुन्हा म्हणाली.

"थंडी वाजतेय का तुला? थांब." त्याने हीटर लावला, तिला खुर्ची दिली आणि होडीचा वेग थोडा कमी करून बघितला. नोरीन बराच वेळ बसली. मग उठून काठी टेकत बाहेर गेली.

चौथ्या दिवशी तिला दुसरा झटका आला. होबार्टच्या दवाखान्यात नेलं, पण शुद्ध आलीच नाही.

मातीनंतर आठवडाभराने आयल्सा स्वयंपाकघरात वही चाळत बसली होती. शेवटच्या पानाशी थांबली.

"'चल' म्हणाली? नुसतंच 'चल'?"

"होडी बघून. दोनदा. कोट घालून आली होती, गारठली होती बिचारी."

आयल्साने वही मिटली. "कोट कुणी घातला होता तिला?"

एका हाताने कोट घालायला नोरीनला किती वेळ लागत असेल, ते लिंडसे मनात मोजत असावा. मग तो उठून अंगणात गेला. आयल्साने स्वतःशी चडफडत भांडी घासली; आपण बोललो कशाला, असं तिला झालं होतं.

नाताळाच्या आधी प्रू आली. तिच्या इतर पेशंटांसाठी तिला ती चित्रं हवी होती. लिंडसेने डिस्क तयारच ठेवली होती.

"एकोणचाळीसच आहेत," ती म्हणाली. "चाळीस म्हणाला होतात ना?"

"एक नीट चालत नव्हतं," तो म्हणाला. "पुसून टाकलं."

कॉम्प्युटर त्याने चर्चच्या विक्रीत देऊन टाकला. त्यानंतर तो नऊ वर्षं जगला. हंगामात शेडमध्ये जाऊन यंत्रांचे पट्टे दुरुस्त करायचा. कुणी बोलायला आलं की पाना खाली ठेवायचा, डोळ्यांवरचा चष्मा काढायचा, आणि समोरच्याचं पुरतं बोलून होईपर्यंत पुन्हा उचलायचा नाही. लोकांना जरा अवघडल्यासारखं व्हायचं.

"अरे, मीठ मागितलंय मी फक्त," रविवारी जेवताना आयल्सा म्हणायची. तरी तो तिच्याकडे बघत थांबायचा, तिला अजून काही म्हणायचंय का म्हणून.