आतोबांची खुर्ची दिल्लीला जाते

जगात प्रश्न आधी जन्माला आले आणि ते विचारायला कुणीतरी हवं म्हणून मागाहून आमचे आतोबा जन्माला आले, असं माझं ठाम मत आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पोलादपूरला, घाट सुरू व्हायच्या अलीकडे, रस्त्याला लागून त्यांचं घर होतं. घाट चढण्याआधी लॉऱ्या तिथे इंजिनात पाणी भरायला थांबत आणि ओटीवर बसलेले आतोबा ड्रायव्हरला हाक मारत. पाणी भरायला लागे थोडा वेळ, पण आतोबांची उत्तरं देऊन सुटेपर्यंत इंजिन गार झालेलं असे. एकदा शिरगणतीचे मास्तर घरातली माणसं टिपायला आले, तर त्यांच्याच घरची माणसं, गुरं आणि विहिरीचं पाणी यांची चौकशी आतोबांनी पुरी केली. मास्तर खुशीत चहा पिऊन गेले. आपण आलो कशाला होतो ते त्यांना वाटेत आठवलं, तेव्हा बिचारे परत आले. डॉक्टरांनी इंजेक्शन काढलं, की "एवढ्या बारीक सुईला आतून भोक कसं पाडत्यात?" हे समजल्याखेरीज दंड पुढे करायचा नाही, असा आतोबांचा नियमच होता.

त्यांचे पायसुद्धा अशाच एका प्रश्नापायी गेले. ते मूळचे वर डोंगरातल्या कुडपण गावचे. कड्यावरून पावसाळ्यात पाणी कोसळतं, त्याचा मध्येच धूर कसा होतो, हे बघायला तरुणपणी ते वाकले आणि पाण्याबरोबर खाली गेले. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग कायमचं लुळं पडलं. ही हकिगत सांगताना त्यांच्या आवाजात दुःखाचा लवलेश नसे. "धूर नसतो गो तो," ते मला सांगत, "बारीक बारीक थेंब असत्यात. पडताना अगदी नीट दिसलं."

मग कुडपण सुटलं आणि ते पोलादपुरात राहायला आले. कुठे जायचं तर दोघांनी उचलायचं आणि नेऊन ठेवायचं. बिरवाडीला एका लग्नात त्यांना मांडवाच्या मागे, भोपळ्यांच्या ढिगाशेजारी सतरंजीवर बसवलं होतं. वरात गेली, पंगती उठल्या, मांडवही सोडायला घेतला, तरी आतोबांची कुणाला आठवण नाही. अखेर आत्या धावत आली तेव्हा ते आचाऱ्याला जिलेबीचं पीठ आंबतं कसं ते विचारत होते. आत्याचे डोळे भरून आले, तर म्हणाले, "रडतेस काय? ठेवला तिथंच हाय ना मी?"

पुढे एका लॉरी ड्रायव्हरने त्यांना सांगितलं, की लॉरीच्या डायनामोला उलटी वीज दिली तर तो मोटरसारखा फिरतो. झालं! आतोबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. गॅरेजवाल्याच्या मागे लागून त्यांनी एका लाकडी खुर्चीला सायकलची चाकं लावून घेतली, खाली लॉरीची बॅटरी बांधली, मागे जुना डायनामो बसवला, आणि ती खुर्ची खरोखरच चालू लागली. आवाज पिठाच्या गिरणीसारखा. पहिले काही दिवस तिला ब्रेक नव्हता, त्यामुळे थांबायचं झालं की आतोबा शेजाऱ्यांच्या गवताच्या उडवीत शिरत. गावातली कुत्री रस्ता सोडून शेताच्या बांधावर राहू लागली.

त्यांचा मुलगा मुंबईला विमान कंपनीच्या कारखान्यात फिटर होता. त्याला घरच्यांसाठी विमानाची सवलत मिळाली. त्याच सुमारास दिल्लीत एक मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे आकाशपाळणा, लहान मुलांची आगगाडी आणि माणूस जाडा-बारीक दिसणारा आरसेमहाल आहे, असं आतोबांनी कुणाकडून तरी ऐकलं, आणि जायचं ठरलं. मुलाला रजा नव्हती. मी महाडच्या शाळेत हिंदी शिकवत असे, म्हणून आतोबा आणि आत्या यांच्याबरोबर जायला माझी नेमणूक झाली.

विमानतळावर सगळं अडलं ते बॅटरीपाशी. तिथले साहेब भले होते, पण ऐकेनात. "आजोबा, आतलं ॲसिड सांडलं तर विमानाचा पत्रा खाईल."

"पत्रा कसला असतो तुमचा?" आतोबांनी विचारलं. साहेबांनी सांगितलं. मग तो एवढा हलका कसा, गंजतो का, जोडतात कशाने, हेही सांगितलं. एवढं सगळं सांगून झाल्यावर पुन्हा म्हणाले, "बॅटरी जाणार नाही."

आतोबांचा चेहरा पडला. इतकी वर्षं त्यांना पाहत आले, पण असा चेहरा मी पाहिला नव्हता. "मग मला कशाला नेता? तिकडं नेऊन ठेवायलाच ना? ठेवायला पोलादपूर काय वाईट हाय?"

आत्या पदर खोचून म्हणाली, "अवो, दिल्लीत लॉऱ्या नसत्यात काय?"

बॅटरी पोचवायला आलेल्या मुलाच्या हवाली केली, खुर्ची सामानात गेली आणि दोन हमालांनी आतोबांना शिडीवरून वर नेलं. विमानातून बघायचं म्हणून त्यांनी खिडकी पकडली होती, पण दिल्लीपर्यंत खाली नुसते ढग. "वरून बघायला आलो, तर यांनी गोधडी पांघरलीय," असं म्हणून ते हवाई सुंदरीला ढगाची जाडी विचारू लागले.

दिल्लीत बॅटरी मिळवायला माझं हिंदी लागलंच नाही. टॅक्सीवाले सरदारजी आणि आतोबा यांनी खुर्चीखाली डोकं घालून, एकाने पंजाबीत आणि दुसऱ्याने आमच्या भाषेत, सगळं ठरवून टाकलं. आपल्याजवळची जादा बॅटरी सरदारजींनी स्वतः बांधून दिली आणि संध्याकाळी घ्यायला येतो म्हणाले.

प्रदर्शनाच्या फाटकातून आत गेलो. मी आणि आत्या आरशात आपली सोंगं बघून हसत होतो. मागे वळले तर आतोबा नाहीत. गर्दी एवढी, की खुर्चीचा गिरणीसारखा आवाजसुद्धा तीत विरून गेला होता. आकाशपाळण्यापाशी बघितलं, आगगाडीपाशी बघितलं. आत्याला हिंदीचं अक्षर येत नव्हतं, तरी ती दिसेल त्याचा हात धरून विचारत होती, "आमचं मानूस बघितलं काय? खुर्चीतलं?" मी चौकशीच्या खोलीत जाऊन कर्ण्यावरून त्यांचं नाव पुकारायला लावलं. पुन्हा लावलं. कुणी आलं नाही. आत्या पायरीवर बसली. "पुन्हा कुठं पडलं असतील गो," ती म्हणाली, आणि मी तिला हात देऊन उठवलं.

उन्हं कलली तेव्हा ते सापडले. पार मागे, तंबूंपलीकडच्या हिरवळीवर. बॅटरी संपून खुर्ची थांबली होती आणि आतोबा एकटेच शेंगा खात बसले होते. टरफलांचा छान ढीग झाला होता.

"नाव पुकारलेलं ऐकलं नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"ऐकलं की. दोनदा ऐकलं."

"मग कुणाला तरी हाक मारायची होती!"

"मुद्दाम नाय मारली." ते आत्याकडे बघून हळूच हसले. "कड्यावरून पडल्यापासनं मी कुठं हाय ते सगळ्यांना ठाऊक. मला हरवायला येतच नव्हतं. आज हरवलो. म्हटलं, जरा वेळ शोधू दे."

आत्या त्यांच्या खुर्चीला टेकून गवतावर बसली. मग तिने हात पुढे केला. "शेंगा ठेवल्यात काय?" उरलेल्या शेंगा त्यांनी तिच्या हातावर ओतल्या. फाटकापर्यंत खुर्ची तिनेच ढकलली. मला हात लावू दिला नाही.

घरी परतल्यावर आतोबा कुठे निघाले हे विचारायचं तिने सोडून दिलं. खरं तर त्या खुर्चीचा आवाज असा, की ते गावात कुठेही असोत, तिला चुलीपाशी बसून कळे. तरी ते परतले की ती दारात उभी राहून दटावायची, "कुठं व्हतात इतका वेळ? जीव टांगणीला लागला माझा." आतोबा खूश होऊन म्हणायचे, "सांगनार नाय."

"आत्या, तुला तर इथे सगळं ऐकू येत होतं," मी एकदा म्हटलं.

"गप गो," ती म्हणाली. "त्यांना नको सांगूस."

आतोबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी सुट्टीत मी तिच्याकडे राहायला गेले होते. दुपारी आत्या भाकऱ्या थापत होती. लांब रस्त्यावर कसलीशी घरघर सुरू झाली, तसा तिचा हात परातीतच थांबला. मान कलती करून ती ऐकत राहिली. लॉरी होती. दारावरून गेली, घाटाला लागली, आवाज बारीक होत होत संपला. तव्यावरची भाकरी तेवढ्यात करपली होती. आत्याने ती उलटली आणि म्हणाली, "ही माझ्या ताटात वाढ."