आत्याचं डावं पाऊल

फोन तात्यांचा होता. घरून फोन येतो तो आईचा; तात्या, म्हणजे माझे वडील, मागून ओरडून काहीतरी सांगतात तेवढंच. म्हणून त्या दुपारी हॉस्टेलच्या मेसच्या रांगेत त्यांचं नाव मोबाईलवर दिसलं तेव्हाच मी रांग सोडून बाहेर आले. "जेवलीस का?" त्यांनी विचारलं. "नाही अजून." मग ते म्हणाले, "जेवून घे आन् ये घरी. आक्का गेली." आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी कौसाआत्या. सकाळी धार काढून आली, चहा प्याली, छातीत कळ येतीय म्हणाली, आणि श्रीगोंद्याला नेईपर्यंत सगळं संपलं. याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं मला समजावतात, की हार्टॲटॅक होता, पायाचा त्याच्याशी काय संबंध? संबंध नाही, हे मलाही कळतं. तरी आत्या आठवली की मला आधी तिचं डावं पाऊलच दिसतं.

आत्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच माहेरी परत आली होती, माझ्या जन्माच्याही आधी. का आली, ते आमच्या घरात कुणी बोलत नाही. शेत तात्यांचं, चूल आईची, पण गोठा आत्याचा. दोन गाया तिनं वासरापासून वाढवलेल्या, डेअरीवर दूध तिच्या नावानं जायचं. घरात काही वादावादी झाली की ती गोठ्यात जाऊन शेण काढायला लागायची, आणि तिथं जाऊन तिला बोलायची कुणाची टाप नव्हती. मी बारावी झाले तेव्हा पोरीला नगरला ठेवायचं की नाही यावर चर्चा चालली होती. आत्या उंबऱ्यात बसून म्हणाली, "जाऊ दे तिला. हितं राहून कोनता उजेड पाडनार हाय? भाकरी तर अजून नकाशावानी करती." सगळे हसले, आणि मी कॉलेजात गेले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच.

त्याच वर्षी आत्याला लागलं. उसाच्या ट्रॅक्टरचा हॉर्न दारात वाजला, तिच्या दोन गायांतली हरणी बुजली, कासरा आत्याच्या हाताला गुंडाळलेला होता. ओढली जाऊन ती गव्हाणीच्या सिमेंटच्या कडेवर आपटली, डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगावर. जमिनीवर पडल्या पडल्याच ती म्हणत होती, "गाईला कुनी काय बोलू नका, ती भ्याली हुती." नगरच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, गुडघ्याखाली प्लेट बसवली.

आमच्याकडे एक रीत आहे. बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्यात घरातलं शिकलेलं माणूस बोलतं. बाकीचे हात जोडून मागे उभे राहतात. ते माणूस आता मी होते. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. तपासणीला मी हॉस्टेलवरून थेट जायचे, फाईल माझ्या हातात असायची. डॉक्टर एक्स-रेचा फोटो दिव्यासमोर धरायचे आणि मी जीव मुठीत धरून हाड जुळलं का ते बघायचे. एकदा आत्यानं माझी ओढणी ओढली, "पोरी, ह्या हितं पावलाच्या वरच्या अंगाला..." मी म्हणाले, "आत्या, थांब गं, डॉक्टर फोटो बघतायत." मग डॉक्टरांनी विचारलं, पावलाला मुंग्या, बधिरपणा, पाऊल उचलायला त्रास? मी आत्याकडे न बघताच म्हणाले, "नाही सर. बोटं हलवते ती." बोटं ती हलवायची, पण खाली. वर नाही. तो फरक महत्त्वाचा असतो हे मला माहीत नव्हतं... आणि ज्याला माहीत नाही त्यानं निदान बाजूला व्हावं, एवढं तरी कळायला हवं होतं.

हाड छान जुळलं. आम्ही पेढे वाटले. आत्या काठी टाकून चालायला लागली, फक्त तिची डावी चप्पल वाटेत मागे राहायची आणि तिला पत्ता नसायचा. आई म्हणायची, "आक्का, तुमची चप्पल येतीय बरं का मागनं, सावकाश चाला!" सगळ्यांत मोठ्यानं आत्याच हसायची. गुडघा उंच उचलून ती पाऊल टाकायची, आणि ते जमिनीवर थप्पकन आपटायचं. आम्हाला वाटलं, एवढं मोठं ऑपरेशन झालंय, राहिली असेल थोडी लकब.

पुढच्या वर्षी थंडीत माझ्या खोलीतली मैत्रीण हुरडा खायला आमच्याकडे आली. ती फिजिओथेरपी शिकते. आत्या शेतातून कणसं घेऊन येताना दिसली तशी मैत्रीण खायची थांबली. तिनं आत्याला बाजेवर बसवलं, डाव्या पावलावर हात ठेवला आणि म्हणाली, "आत्या, माझा हात वर ढकला." हात हलला नाही. आत्यानं दातओठ खाल्ले, तरी नाही. "मला वाटलं, पत्रा बसवलाय तर पाय जड हुत आसंल," आत्या म्हणाली.

आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजावलं, की गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बारीक हाडाला वळसा घालून एक नस जाते, अगदी कातडीखालून. तिथं मार लागला की पाऊल वर उचलणारे स्नायू लुळे पडतात, वरची कातडी बधिर होते. कधी नस आपोआप सुधारते, कधी वेळेत कळलं तर काही करता येतं. आता उशीर झाला होता. पाऊल धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा आधार घालायचा, किंवा दुसरीकडचा स्नायुबंध फिरवून लावायचं ऑपरेशन. "तेव्हा कळलं असतं तरी पूर्ण बरं झालंच असतं असं नाही," ते म्हणाले. ते खरंच असेल. मला त्या वाक्याचा आधार घेता येत नाही.

एसटी स्टँडवर मी रडायला लागले तेव्हा आत्या वैतागली. "गप. मी बी बोलू शकत हुते की. पन म्हनलं, पाय गेला म्हनून कळलं तर तुझा बाप गाया इकंल. मग मी त्या घरात कोन गं?" आधार तिनं फक्त बाजारच्या दिवशी घातला, शेणात, चिखलात तो चालेना. ऑपरेशनला मात्र तयार झाली. म्हणाली, "तुझी परीक्षा हुंदे. तू नसताना त्या डॉक्टरशी कोन बोलनार?" परीक्षा संपायला थोडेच दिवस राहिले होते, तेव्हा तात्यांचा तो फोन आला.

तात्यांनी गाया विकलेल्या नाहीत. दिवसकार्य झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तिच्या." पण हरणी पान्हा चोरते, कासेत दूध उतरू देत नाही. आईनं आत्याची साडी नेसून, डोक्यावरून पदर घेऊन बघितलं. हरणीनं पदर हुंगला आणि तोंड फिरवलं. परवा मी घरी गेले तेव्हा तात्या गोठ्याच्या दारात उभे होते. "ती साडी न्हाई वळखत, चाल वळखती," ते म्हणाले. "आक्काच्या पायाचा आवाज आला की लांबूनच कान टवकारायची. तू तिच्यासंगं लई फिरलीस. तू ये बरं तशी चालत."

आई बादली घेऊन कासेशी बसली. मी अंगणातून चालत निघाले. गुडघा उंच घेतला, पाऊल खाली लोंबू द्यायचा प्रयत्न केला, पण जमिनीला टेकायच्या आधी बोटं वर यायची आणि टाच पहिली पडायची. तो आवाज काही येईना. "सैल सोड की पाय," तात्या म्हणाले. "सोडतेय तात्या," मी म्हणाले. हरणीनं एकदा मान वळवून पाहिलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं. मी अंगणाच्या टोकाला परत गेले, चप्पल काढली आणि पुन्हा चालत आले. पाऊल आपोआप वर येत राहिलं.