भरिताची कबुली

हृदयाची झडप बदलून मी नाशिकहून धुळ्याला घरी आले आणि आमच्या घरात शिट्टी वाजायला लागली. आमचे हे निवृत्त होईपर्यंत शाळेत खेळाचे शिक्षक होते. संध्याकाळचे सहा वाजले की ते दारासमोरच्या ओट्यावर उभे राहून जोरात शिट्टी फुंकायचे, आणि मी असेन तिथून रक्त पातळ करायची गोळी घ्यायला यायची. सवयच अशी लागली, की दुपारी शेजारचा कुकर वाजला तरी मी उठून पाण्याचा पेला भरायची.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं. नवी झडप धातूची आहे, तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ही गोळी जन्मभर घ्यायची. दर महिन्याला आयएनआर नावाची तपासणी करायची. त्याचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे हवा. कमी आला तर गुठळीची भीती, जास्त आला तर रक्तस्रावाची. कापून घ्यायचं नाही, पडायचं नाही. आणि पालेभाजी एकदम वाढवायची नाही की एकदम बंद करायची नाही, कारण हिरव्या पाल्यानं गोळीचा जोर कमी होतो.

ह्यांनी यातलं 'कापून घ्यायचं नाही' एवढं पक्कं धरलं. विळी, सुऱ्या, कात्री, किसणी, सगळं लोखंडी कपाटात गेलं आणि किल्ली ह्यांच्या खिशात. भाजी चिरायचं काम ह्यांनी स्वतःकडे घेतलं. गिलक्याचे तुकडे असे करायचे, की ताटात दोन तुकडे वाढले की भाकरीला जागा उरत नसे. सुईदोऱ्याचा डबाही जप्त झाला. माझ्या ब्लाउजचं हूक तुटलं ते ह्यांनीच चष्मा लावून, अर्धा तास खपून शिवलं. उलट्या बाजूला.

तरी हातापायांवर निळे डाग पडायचेच. खाटेचा कोपरा नुसता लागला तरी दुसऱ्या दिवशी जांभळाएवढा डाग. एकदा नव्या बांगड्या भरताना मनगट असं काळंनिळं झालं, की समोरच्या काकूंनी मला भाजीवाल्याच्या गाडीआड ओढलं.

"एक विचारू का? सर तसे सज्जन वाटतात हो. पण तुम्ही सहन नका करू."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा असं हसू आलं, की छातीवरची शिवण दुखायला लागली. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर ह्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी माझी औषधाची चिठ्ठी हातात घेऊन हे देवपुरातल्या आमच्या गल्लीत घरोघर गेले आणि आपण बायकोला मारत नाही हे समजावून आले. ज्यांना शंका नव्हती त्यांनाही त्या दिवसापासून आली.

मग हिवाळा लागला आणि सावद्याहून अक्काचा फोन आला. अक्का माझी सख्खी मोठी बहीण. तिकडे तिच्या सासरची केळीची बाग आहे, बांधाला वांगी असतात. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी माझ्याशी बोलताना ती माहेरची अहिराणीच बोलते.

"वांगा मस्त व्हयेल शेतस. भरीत खावाले ये."

हे म्हणाले, "जाऊ. पण भरितात कांद्याची पात असते. तू बिनपातीचं खायचं."

बिनपातीचं भरीत म्हणजे काय, हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. पण मी हो म्हटलं. बायपासचं ऑपरेशन झालेला माणूससुद्धा भरितासाठी काहीही कबूल करतो, मग माझी तर नुसती झडप होती.

शेतात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचली. हिरव्या मिरच्या, शेंगदाणे, आणि ओंजळी भरभरून हिरवीगार पात. माझ्यासाठी अक्कानं वेगळी वाटी काढली होती. तिच्यात नुसता वांग्याचा लगदा. चव आजारी माणसासारखीच.

तेवढ्यात मेहुण्यांनी ह्यांना केळीचे घड दाखवायला बागेत नेलं. हे दिसेनासे झाले तशी अक्कानं माझी वाटी उचलून बाजूला ठेवली आणि खऱ्या भरिताचं पातेलं पुढे ओढलं.

"खाई ले. तो येस तवलगून मी वाटकडे देखस."

मी खाल्लं. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्यांबरोबर तीनदा वाढून घेतलं. चौथ्यांदा घेत होते तेव्हा अक्का मोठ्यांदा खोकली. पातेलं तिच्याकडे, वाटी माझ्याकडे, अशी अदलाबदल झाली. हे येऊन शेजारी बसले आणि कौतुकानं म्हणाले, "बघा अक्का, हिचा संयम बघा." अक्कानं तोंडावर पदर घेतला.

दोन दिवसांनी महिन्याची तपासणी होती. आकडा आला एक पूर्णांक सहा.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "एवढा खाली कधीच आला नव्हता. गोळी चुकली का?"

"एकही नाही," हे म्हणाले. "शिट्टी वाजवतो मी." डॉक्टर माझ्याकडे वळले.

"मग पालेभाजी? ताई, खरं सांगा. ही गंमत नाही. झडपेवर गुठळी झाली तर पुन्हा ऑपरेशन, किंवा त्याहून वाईट."

मी घाबरले. सगळं सांगून टाकावं असं वाटलं, आणि एकदा सुरुवात केल्यावर थांबताच येईना. सावद्याचं भरीत सांगितलं. तीनदा, नंतर खरं म्हणजे साडेतीनदा. समोरच्या काकूंकडची कोथिंबीर वडी सांगितली. एका लग्नात खाल्लेली पालकाची भजी सांगितली. डॉक्टरांनी न विचारताच शेवभाजीचा तवंगही सांगितला, त्याचा पालेभाजीशी काही संबंध नव्हता. हे माझ्याकडे असे बघत होते, की जणू एवढी वर्षं दुसऱ्याच कोणाशी संसार केला.

"साडेतीनदा?" हे म्हणाले. "मी अक्कांसमोर तुझं कौतुक केलं!"

डॉक्टर मात्र मान हलवत होते. "परवाच्या एका जेवणानं एवढा फरक पडायचा नाही. हे रोजचं काहीतरी आहे. गेल्या तीन-चार आठवड्यांत जेवणात नवीन काय सुरू झालं?"

मी आठवून पाहिलं. काहीच नाही. नेहमीचा भात, नेहमीची भाजी, नेहमीची कळण्याची भाकरी.

शेजारी खुर्ची करकरली. ह्यांचे कान लाल झाले होते.

"शेवग्याच्या पानांची पूड," हे जमिनीकडे बघत म्हणाले. "पिठात मिसळतो मी. रोज... म्हणजे दळण आणलं की. डब्याला तीन वाट्या."

फिरायला येणाऱ्या कुणीतरी ह्यांना सांगितलं होतं, की शेवग्याच्या पानांनी ताकद येते. मला सांगितलं तर मी नको म्हणेन, म्हणून हे गिरणीतून येताना वाटेतच पिठात पूड मिसळून आणायचे. कळण्याचं पीठ मुळातच करडं, त्यात हिरवं दिसणार कुठे! महिनाभर मी ती भाकरी थापली, खाल्ली आणि वर 'या वेळी उडीद जुने दिसतात' असंही म्हटलं.

डॉक्टर खूप हसले. मग गंभीर होऊन त्यांनी गोळीचं प्रमाण बदललं, पूड बंद करायला सांगितली आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा रक्त तपासायला बोलावलं. मी दोन मिनिटं स्वर्गात होते. साडेतीनदा भरीत खाऊन मी निर्दोष सुटले होते.

रिक्षात बसल्यावर मला बोलायचं होतं, आणि भरपूर बोलायचं होतं. पण पांझरा नदीचा पूल आला आणि ह्यांनीच सुरुवात केली. हळूच म्हणाले, "ऑपरेशनच्या आधी तू माझ्यापुढे चालायचीस. आता मागे राहतेस. मला वाटलं, ताकद आली तर पुन्हा पुढे जाशील."

भांडण राहिलंच. मी ह्यांचा हात धरला. भर रिक्षात, भर दुपारी. रिक्षावाल्यानं आरसा वळवला.

ते सगळं पीठ आम्ही बाजूला काढलं आणि पुढचं दळण मी स्वतः बरोबर जाऊन आणलं. तिसऱ्या दिवशी आकडा थोडा वर आला, पुढच्या आठवड्यात दोन पूर्णांक आठ. पालेभाजीचे वार ठरले, मंगळवार आणि शुक्रवार, एकेक वाटी. विळी अजून कपाटातच आहे, त्यावर बोलणी चालू आहेत.

हे सगळं अक्काला फोनवर सांगितलं. तिला माझ्या आकड्यापेक्षा आपल्या भरिताची बदनामी झाली याचंच दुःख.

"डागदरले सांग, मन्हा भरीतमा काहीच खोट नही!" ती ओरडली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "शेवगानं पीठ टाकी दिनं का?"

"नाही गं, डब्यात आहे. का?"

"मन्ही म्हैस दूध कमी दी राहिनी. धाडी दे."